पाणवठ्यावरचं बटण

एका जंगलात, मुलांनो, मोबाइलचा टॉवर आला आणि त्याच्या पाठोपाठ शहाणपण आलं. टॉवर सागाच्या टेकडीवर उभा राहिला. शहाणपण नेमकं कुठे उभं राहिलं ते शेवटपर्यंत कोणाला सापडलं नाही. पण ते आलंय असा ठराव वनसभेत एकमताने झाला होता, म्हणजे आलंच.

आता नीट मांडी घालून बसा. मध्ये मध्ये शंका विचारू नका. शंका विचारल्याने काय होतं, तेच तर या गोष्टीत आहे.

त्या जंगलात पाणवठा एकच होता. उन्हाळा लागला की सगळे तिथेच यायचे. सगळे म्हणजे वाघसुद्धा. चितळं, सांबरं, रानडुकरं खाली माना घालून पाणी प्यायची आणि वरच्या काळ्या खडकावर एक भेकर उभं असायचं. भेकर म्हणजे लहानसं हरीणच, पण वाघ दिसला की असं खणखणीत भुंकतं की कुत्र्याने लाजावं. ते भुंकलं की तोंडातला घोट तिथेच टाकून सगळे पळायचे. एक खडक, एक भेकर आणि एक भुंकणं, एवढ्यावर जंगल चाललं होतं. फारच मागासलेला काळ होता तो.

त्या भेकराचं नाव सोनबा. एकोणीस उन्हाळे तो खडकावर उभा राहिला आणि विसाव्या उन्हाळ्यात त्याचा घसा बसला. वैदूने सांगितलं, आणखी एकदोनदा भुंकलात तर आवाज कायमचा जाईल. सोनबाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खडकावर जाऊन उभा राहिला. दुसरं होतं कोण?

सोनबाला एक मुलगी होती, कुसुंबी. तिने आईच्या माघारी बापाचा घसा शेकण्यातच बालपण घालवलं होतं. आपण आयुष्यात कधी भुंकायचं नाही आणि आबांना त्या खडकावरून खाली आणायचं, एवढ्या दोनच गोष्टी तिने मनाशी पक्क्या केल्या होत्या.

त्याच सुमाराला वनसभेने आणखी एक ठराव केला. पाणवठ्याचं स्वतःचं वेब पेज करायचं. खडकावर एक बटण बसवायचं. वाघ दिसला की पहारेकऱ्याने ते दाबायचं, की सगळ्यांच्या मोबाइलवर लाल अक्षरांत येणार, 'वाघ आला'. बटण काय, कोणीही दाबेल, कासवसुद्धा दाबेल. घशाचा संबंधच नाही. आणि हे पेज करायचं काम कोणाला? तर जंगल महाविद्यालयात वेब प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेत जो पहिला येईल त्याला.

कुसुंबीने त्याच दिवशी नाव घातलं.

महाविद्यालयात या विषयाला एकच पुस्तक होतं. 'सुलभ वेब प्रोग्रॅमिंग', सुधारित बारावी आवृत्ती, लेखक प्राध्यापक तरस. सुधारणा मुखपृष्ठाच्या रंगात होती. आता तरसाची रीत तुम्हाला ठाऊक असेल. तो स्वतः शिकार करायच्या भानगडीत पडत नाही. दुसऱ्यांनी मारलेलं, खाऊन उरलेलं गोळा करतो आणि वर हसतो. तरस सरांनी पुस्तकही त्याच रीतीने लिहिलं होतं. एक तुकडा या जंगलातला, एक त्या जंगलातला, मध्ये थोडी चरबी.

कुसुंबीने पुस्तक उघडलं. पहिली अकरा पानं आभाराची होती. बाराव्या पानावर व्याख्या होती, 'वेबवर असलेल्या पेजला वेब पेज असे म्हणतात.' तिला वाटलं, पुढे समजेल. पुढे लिहिलं होतं, 'बटण दाबले असता ते दाबले जाते.' त्याखाली लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी आकृती ४.२ पाहा.' तिने आकृती ४.२ शोधली. त्यात तरस सर शाल आणि नारळ घेत होते.

पण अनुक्रमणिकेत तिला हवं ते सापडलं. प्रोग्रॅम क्रमांक चौदा, 'सूचना देणारे बटण'. कुसुंबीला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. म्हणजे आबांचं खाली येणं शहाऐंशीव्या पानावर छापून तयारच होतं. नुसतं टाइप करायची खोटी.

टाइप करायचं तर कॉम्प्युटर हवा. महाविद्यालयात लॅब होती, लॅबमध्ये आठ कॉम्प्युटर होते, आणि कॉम्प्युटर खराब होऊ नयेत म्हणून लॅबला कुलूप होतं. किल्ली हुप्पेमामा नावाच्या वानराकडे असायची. दसऱ्याला तो लॅब उघडायचा, कॉम्प्युटरवरच्या गवसण्या काढायचा, हळदकुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा आणि पुन्हा गवसण्या चढवायचा. आठही कॉम्प्युटर अगदी नव्यासारखे होते.

मग मुलं प्रॅक्टिकल कशी करत, असं तुम्ही विचाराल. विचारू नका म्हटलं होतं ना? बरं, सांगतो. मुलं जर्नल लिहीत. उजव्या पानावर पुस्तकातला प्रोग्रॅम निळ्या शाईने उतरवायचा. डाव्या कोऱ्या पानावर पट्टीने चौकट आखायची आणि त्यात, हा प्रोग्रॅम चालवला असता तर पडद्यावर काय दिसलं असतं, ते पेन्सिलीने काढायचं. त्याला आउटपुट म्हणत. सर लाल शाईने सही करत. बारा वर्षं असं चाललं होतं आणि बारा वर्षांत एकही प्रोग्रॅम चुकला नव्हता. पेन्सिलीने काढलेला चुकेल कसा?

कुसुंबीने हुप्पेमामाची मनधरणी केली. धूळ पुसते, जळमटं काढते, असं सांगून लॅबमध्ये शिरली. की-बोर्डमधलं कुंकू फुंकून काढलं आणि प्रोग्रॅम क्रमांक चौदा टाइप करायला घेतला. झाल्यावर बटण दाबलं.

काही झालं नाही.

आपलंच काहीतरी चुकलं असेल असं तिला वाटलं. तिने पुन्हा टाइप केला. मग एकेका अक्षरावर खूर ठेवून तिसऱ्यांदा टाइप केला. आठवडाभरात तिने तो प्रोग्रॅम एकोणीस वेळा टाइप केला आणि एकोणीस वेळा पडदा तिच्याकडे ढिम्म बघत राहिला. तिची खात्री पटली की आपण मठ्ठ आहोत. एवढं मोठं पुस्तक, त्याच्या बारा आवृत्त्या, वर शाल आणि नारळ, आणि कळत नाही ते एकट्या आपल्याला. घरी सोनबा काढा पिताना विचारायचा, जमतंय का गं बाई? ती हो म्हणायची आणि तोंड फिरवायची. त्या हो म्हणण्याची तिला फार लाज वाटायची.

शेवटी ती धीर करून तरस सरांकडे गेली. सर आधी हसले. मग म्हणाले, तू नीट टाइप केलं नसशील. तिने एकोणीस वेळा केल्याचं सांगितलं. सर पुन्हा हसले आणि म्हणाले, मग विसाव्यांदा कर. तेव्हा मात्र कुसुंबीचा संयम सुटला.

"सर, पुस्तकातला प्रोग्रॅम चालतच नाही."

सरांचं हसू बंद झालं. त्यांनी अभ्यासक्रमाचा कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. "वाच. काय लिहिलंय? 'विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅम लिहावा.' चालवावा असं कुठे लिहिलंय, दाखव मला."

कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुसुंबी परत आली.

त्या दिवशी ती पाणवठ्यावर जाऊन आबांच्या शेजारी बसून राहिली. लांब कुठेतरी काटकी मोडली. सोनबाने कान टवकारले, थोडा वेळ ऐकलं आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाला, काही नाही, डुक्कर आहे, ओढ्याकडे चाललंय. लहानपणापासून तो तिला हेच शिकवत आला होता. आवाज आला की घाबरायचं नाही, आधी दोन गोष्टी विचारायच्या. कुठून आला? आणि कुणीकडे चाललाय?

कुसुंबी तडक उठली आणि लॅबमध्ये गेली. तिने प्रोग्रॅमच्या एकेका ओळीला तेच विचारायला सुरुवात केली. बटण दाबलं, त्याचा निरोप कुणीकडे चाललाय? आणि मुलांनो, तिला दिसलं की तो कुणीकडेच चाललेला नाही. शहाऐंशीव्या पानावर होतं बटण. ते एका जंगलाच्या पुस्तकातून उचललेलं होतं. सत्याऐंशीव्या पानावर होती सूचना. ती दुसऱ्याच जंगलाच्या पुस्तकातून आली होती. बटण दाबल्याचं सूचनेला कळवायचं कोणी, ते मधल्या पानावर असणार. ते मधलं पान तरस सरांना सापडलेलं नव्हतं. बटणाला सूचना माहीत नाही, सूचनेला बटण माहीत नाही, आणि दोघं बारा आवृत्त्या शेजारी शेजारी राहत होती.

चुकलं होतं पुस्तक, ती नव्हे. ती मठ्ठ नव्हती. हे कळल्यावर कुसुंबी आधी रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. आठ दिवस खटपट करून तिने मधल्या तीन ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. खिडकीबाहेर बसलेल्या हुप्पेमामाच्या मोबाइलवर लाल अक्षरं आली, 'वाघ आला'. मामा दोन उड्यांत सागाच्या शेंड्यावर गेला आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरला नाही. इतका उत्तम आउटपुट त्या लॅबने कधी पाहिला नव्हता.

मग परीक्षा आली. एक्स्टर्नल म्हणून शेजारच्या जंगलातून घोरपडबाई आल्या. घोरपडबाईंनी एकदा एखाद्या मुद्द्याला पकडलं की त्या सोडत नसत, अशी त्यांची ख्याती होती. कुसुंबीला नेमका प्रोग्रॅम क्रमांक चौदा आला. तिने भराभर लिहिला. बाईंनी तिचा कागद डावीकडे ठेवला, पुस्तक उजवीकडे ठेवलं आणि दोन्हींवर एकेक नखी ठेवून ओळी मोजल्या.

"यात तीन ओळी जास्त आहेत."

कुसुंबीने अदबीने सांगितलं की त्या नसल्या तर बटण चालत नाही. बाई म्हणाल्या, पुस्तकात नाहीत. कुसुंबी म्हणाली, पुस्तक चुकलंय, हवं तर चालवून दाखवते. बाईंना लॅबमधल्या कॉम्प्युटरपाशी नेऊन तिने की-बोर्डवरचं, दसऱ्याच्या कुंकवाने अजून लाल असलेलं बटण दाबलं. बाईंच्या पर्समधला मोबाइल थरथरला. बाईंनी पाहिला आणि त्या टेबलाखाली गेल्या.

पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या. चष्मा नीट केला. गुणपत्रिकेवर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तीन ओळी अनावश्यक. पेन्सिलीने आउटपुट काढलेला नाही. परीक्षकांशी वर्तन बरे नाही. नापास.'

पहिला आला यशोधन नावाचा सांबर. गुणी मुलगा होता तो, खोटं कशाला बोलू? त्याने सबंध पुस्तक पाठ केलं होतं, आभारासकट. त्याचा आउटपुट चार वेगवेगळ्या पेन्सिलींनी काढलेला होता. बटणाला छाया दिली होती. 'वाघ आला' ही अक्षरं तर इतकी सुबक होती, की जर्नल सगळ्या वर्गांतून फिरवलं गेलं. यशोधनला सुवर्णपदक मिळालं आणि पाणवठ्याचं काम मिळालं.

कुसुंबी वनसभेकडे गेली. तिने सांगितलं, मला काम नको, पदक नको, पण या तीन ओळी तेवढ्या घाला. माझे आबा तिथे उभे असतात. सभेने तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग सभा म्हणाली, मुली, तुझी तळमळ समजते, पण नापास झालेल्याच्या ओळी पास झालेल्याच्या प्रोग्रॅममध्ये घालायला नियम नाही.

उद्घाटन भर वैशाखात ठेवलं. पाणवठ्याच्या काठावर मांडव घातला. खडकावर बटण बसवलं, त्याला फीत बांधली. सोनबाला सांगितलं, उद्घाटन झालं की तुम्ही मोकळे, तोवर कोपऱ्यात उभे राहा. सगळं जंगल मोबाइल घेऊन जमलं होतं. लाल अक्षरं पहिल्यांदा कोणाला दिसतात यावर पैजा लागल्या होत्या. तरस सर 'वेबचा इतिहास' या विषयावर बोलायला उभे राहिले आणि इतिहास बराच लांबला.

सर चौथ्या कालखंडात होते तेव्हा पलीकडच्या करवंदीच्या झुडपात पिवळं काहीतरी हललं.

सोनबाने ते पाहिलं. त्याने तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर आला. त्याने पुन्हा जोर लावला, मान ताणली, पाय आपटले. लोकांना वाटलं, म्हातारा भावुक झालाय. मग यशोधनलाही वाघ दिसला. तो मुळीच डगमगला नाही. त्याने फीत कापली आणि बटण दाबलं.

बटण दाबले असता ते दाबले गेले.

एवढंच झालं. सगळे आपापल्या मोबाइलकडे बघत राहिले. यशोधनने पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. वाघ झुडपातून बाहेर आला आणि काठावर बसला. त्यालाही कार्यक्रम काय आहे ते बघायचं असावं. यशोधनला घाम फुटला, पण तो सुवर्णपदकवाला होता. त्याने दप्तरातून जर्नल काढलं, डावं पान उघडलं आणि दोन्ही खुरांनी डोक्यावर उंच धरलं. चौकटीत चार पेन्सिलींनी सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'वाघ आला'.

सगळ्या जंगलाने ते पान पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

वाघ उठला. मांडवाच्या अगदी कडेला, वाघापासून चार उड्यांवर सोनबा उभा होता. त्याला पळता आलं असतं. पण इतरांच्या आधी पळायची सवय त्याला नव्हती. तो अजून तोंड उघडून वारा काढत होता.

कुसुंबी भुंकली.

आयुष्यात पहिल्यांदा ती भुंकली. तिला येतं की नाही हेही तिला माहीत नव्हतं. पण असा आवाज निघाला की टेकडीवरचा टॉवर दणाणला. सगळ्यांच्या माना मोबाइलमधून वर आल्या आणि पुढच्या क्षणी मांडवात फक्त खुर्च्या उरल्या. सोनबाही पळाला, कारण भेकर भुंकलं की पळायचं, हे त्याच्याही रक्तात होतंच. एकटा यशोधन शेवटपर्यंत बटण दाबत राहिला. वाघाचा एक पंजा त्याच्या मागच्या अंगावर ओझरता बसला, तेव्हा तो निघाला.

कोणी मेलं नाही. आता तुम्हाला वाटत असेल, कुसुंबीचा सत्कार झाला. किती निरागस आहात रे तुम्ही!

चौकशी समिती बसली. अध्यक्ष तरस सर. समितीने सगळ्या बाजू तपासल्या. अहवालात नोंदवलं की बटण निर्दोष आहे. ते आणखी एकदा दाबल्यावर चाललं असतं, पण कुसुंबीने परवानगी न घेता मध्येच भुंकल्यामुळे ते सिद्ध होऊ शकलं नाही. यशोधनच्या मागच्या अंगावरचे चार ओरखडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणून धरले गेले आणि त्याला महाविद्यालयात त्याच विषयाचा प्राध्यापक नेमलं.

पुस्तकाची तेरावी आवृत्ती निघाली. ही मात्र खरोखर सुधारित होती. सत्याऐंशीव्या पानाच्या तळाशी एक टीप वाढली होती, 'बटण न चालल्यास जवळ भेकर उभे करावे.' मलपृष्ठावर वाघाचा अभिप्राय होता. त्याने लिहिलं होतं, 'अतिशय उपयुक्त ग्रंथ. प्रत्येक पाणवठ्यावर असायलाच हवा.'

टिपेप्रमाणे भेकर उभं करायचं ठरलं. सोनबाचा आवाज त्या दिवशीच्या धडपडीत कायमचा गेला होता. तेव्हा खडकावर कुसुंबी आली. बटणाच्या शेजारीच तिला जागा दिली. आबा घरी बसले, उन्हात पाय पसरून. तिला हवं होतं ते झालं म्हणायचं. फक्त आता संध्याकाळी घसा तिचा शेकावा लागायचा आणि तो सोनबा शेकायचा, एक अक्षर न बोलता.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली. जिद्दीची पोर ती. अभ्यासक्रमात तेराव्या आवृत्तीचं नवं प्रकरण आलं होतं, 'भुंकणे : व्याख्या, प्रकार व महत्त्व'. लेखकाने ते पेन्सिलीच्या आकृत्यांसह समजावलं होतं. कुसुंबीने पेपर उघडला. पहिलाच प्रश्न होता, 'भुंकण्याचे फायदे लिहा. कोणतेही सात. गुण सात.'

तिने बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, 'जीव वाचतो.' आणखी सहा तिला काही केल्या सुचेनात.

प्राध्यापक यशोधन सरांनी तिला सातपैकी एक गुण दिला.

तात्पर्य : मुलांनो, पुस्तक कधी चुकत नाही, चुकतो तो ते चालवून बघणारा. म्हणून पेन्सिलीला नेहमी टोक काढून ठेवा, चौकट पट्टीने आखा आणि पुस्तकात नसलेली ओळ चुकूनही लिहू नका. तहान लागली की पाणवठ्यावर जा, पण जाताना जर्नल घरी ठेवा आणि भेकराकडे एक कान असू द्या. हे शेवटचं वाक्य लिहून घेऊ नका, ते परीक्षेला नाही.